कोवळमची कट्टुमरम फेरी: बांधणी बघायची असेल तर नक्की जा

मी उरणजवळ करंज्याला फायबरच्या होड्यांचं काम करतो. साचा, मॅट, रेझिन, हार्डनर यातच दिवस जातो. नवीन होडी बांधण्यापेक्षा जुन्यांची डागडुजी जास्त. मुलगी चेन्नईत ओएमआर या रस्त्यावरच्या कंपनीत नोकरीला आहे, त्यामुळे तिकडे जाणं होतं. आमच्या हिची यादी ठरलेली असते: देवळं, साड्या, फिल्टर कॉफीची पूड. यंदा मी माझं एकच काम सांगून ठेवलं होतं. लाकडाचं, दोराने बांधलेलं खरं कट्टुमरम, म्हणजे ज्यावरून ‘कॅटमरान’ हा शब्द आला तो तमिळ कोळ्यांचा ओंडक्यांचा तराफा, बघायचं आणि जमलं तर त्यावर बसून समुद्रात जाऊन यायचं. मुलीने शोधून काढलं, आणि ते अजून मिळतं. मराठीत याबद्दल कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून सगळं नीट सांगतो.

आधी जागा. हे कोवळम म्हणजे केरळातलं नव्हे. चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने मामल्लपुरमकडे निघालं की साधारण 40 किलोमीटरवर, मुट्टुकाडूची खाडी ओलांडली की लगेच येतं ते कोवळम. गाडीवाल्याला ‘ईसीआर कोवळम’ असंच सांगा. गावात सर्फिंग शिकवणारे बरेच आहेत, तरुण पोरं फळ्या घेऊन फिरताना दिसतात. त्यांच्या गर्दीपासून थोडं दक्षिणेला एक मच्छीमार कुटुंब सकाळच्या वेळी ही फेरी करतं. दुकान नाही, पाटी नाही. आम्ही सर्फिंगवाल्या पोरांकडे चौकशी केली, त्यांनी फोन लावून दिला. माणशी 800 रुपये, एका वेळी दोनच पाहुणे, सोबत घरची दोन माणसं. साठीच्या पुढचे अण्णा आणि त्यांचा पुतण्या. पुतण्याला कामापुरतं हिंदी येतं. अण्णांना फक्त तमिळ येतं, पण होडीचं काम करणाऱ्याला त्यांचे हात बघितले की बरंचसं समजतं.

आम्ही पोचलो तेव्हा वाळूवर नुसते पाच ओंडके पडलेले होते. ओंडके हा शब्दही त्यांना शोभत नाही, इतके नीट तासलेले होते. प्रत्येकाचं पुढचं टोक वर उचललेलं, मागचं आखूड कापलेलं. मधला सगळ्यांत लांब आणि थोडा खाली बसणारा. त्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन, ते जरा वर. त्यामुळे पाचही जागेवर लागले की मधे उथळ पन्हळ तयार होते आणि माणूस त्यात गुडघे टेकून बसतो. पुढे एक आडवं लाकूड, मागे एक, दोघांनाही खाचा पाडलेल्या. दोर आडव्या लाकडावरून जातो, ओंडक्यांच्या खालून फिरतो आणि परत वर येतो. पूर्वी काथ्याचा असायचा, आता नायलॉनचा आहे.

अण्णांनी पायाचा तळवा ओंडक्याला लावला, अंग मागे टाकलं आणि पहिला फेरा ओढला. मग मुठीने दोरावर ठोकून आवाज ऐकला. दुसरा फेरा, परत ठोकून बघितलं. मागच्या बांधणीत एका ठिकाणी त्यांना आवाज पटला नाही. काही न बोलता त्यांनी ते सगळे फेरे सोडले, ओंडक्याखालची वाळू पायाने सरकवली, लाकूड बोटभर पुढे ढकललं आणि पुन्हा सुरुवात केली. पुतण्या दोराचं दुसरं टोक धरून गप्प उभा. एक खिळा नाही, बोल्ट नाही, डिंक नाही. मी खाली वाकून दोन ओंडक्यांच्या मधल्या फटीत बोट घातलं, ते आरपार गेलं. आमच्याकडे एवढी फट राहिली तर नाखवा होडी परत पाठवेल. इथे ती फट मुद्दाम ठेवलेली असते.

लाकूड इतकं हलकं की नख रुतवलं तर खूण उठते. असं लाकूड आता गावाजवळ मिळत नाही, हे ओंडके केरळच्या डोंगरातून आणलेले, असं पुतण्या म्हणाला. एक ओंडका दोघांनी सहज खांद्यावर घेतला. तोच ओंडका फेरी झाल्यावर उचलायला मी हात लावला, तेव्हा पाणी पिऊन तो किती जड होतो ते खांद्याला समजलं. म्हणूनच समुद्रातून आलं की रोज दोर सोडायचा, ओंडके सुटे करायचे आणि वाळूवर वाळत टाकायचे. आपल्याकडे होडी म्हणजे एकदा बांधली की पंधरा-वीस वर्षं तीच. इथे होडी रोज सकाळी बांधतात आणि रोज मोडतात.

आता फेरी. लाइफ जॅकेट घालून गुडघ्यावर बसायचं. मांडी घालू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कारण लाट आली की गुडघ्यावरच्या माणसाला अंग सावरता येतं. बंगालच्या उपसागराच्या या किनाऱ्यावर लाटा अगदी काठाशी येऊन फुटतात. अण्णा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून एकामागून एक लाटा जाऊ देत होते. मग एकदम ओरडले, दोघांनी ढकललं आणि उडी मारून वर आले. वल्हं म्हणजे बांबू उभा चिरून केलेली साधी पट्टी, ती कधी या बाजूने, कधी त्या बाजूने मारतात. पहिली लाट पुढच्या टोकावरून सरळ अंगावर आली, मांडीपर्यंत भिजवून मागे निघून गेली. मी सवयीने पाणी उपसायला भांडं शोधू लागलो. पण उपसायला काही नव्हतं, कारण भरायलाच काही नव्हतं. आलेलं पाणी फटींतून खाली गेलं आणि आम्ही होतो तसेच तरंगत होतो.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून थोडं थांबतो. होडी लाकडाची असो, फायबरची असो की लोखंडाची, तिचं तरंगणं पोकळीवर असतं. आत हवा, बाहेर पाणी, मधे कातडी. आमचा सगळा धंदा त्या कातडीचा आहे. कलफात करा म्हणजे फळ्यांच्या फटी भरा, वरून जेलकोटचा लेप मारा, तडा बुजवा, पण पाणी आत येऊ देऊ नका. कट्टुमरमला आत-बाहेर हा प्रकारच नाही. लाकूड स्वतः पाण्यापेक्षा हलकं, तेवढ्यावर ते तरंगतं. उलटलं तर सरळ करा, लाट डोक्यावरून गेली तर जाऊ द्या. ते फुटून बुडणार नाही. दोर तुटला तरच धोका, आणि म्हणून अण्णा आवाज ऐकत बांधतात.

याच किनाऱ्यावर असं का झालं, हेही तिथे बसल्यावर उमगतं. आपल्याकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, खाड्या आत खोल शिरलेल्या असतात. भरतीला होडी खाडीत घ्यायची, ओहोटीला ती चिखलावर टेकते. चेन्नईकडे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर. आसऱ्याच्या खाड्या कमी, मैलोन् मैल सरळ वाळू, आणि काठाशी फुटणाऱ्या लाटा. पाठाण, म्हणजे तळाचं मधलं लांब लाकूड, असलेली आपली होडी तिथे रोज वाळूवर आपटली तर किती दिवस टिकेल? ओंडक्यांना आपटण्याचं भय नाही.

मद्रासला इंग्रजांनी वखार घातली तेव्हा बंदर नव्हतंच. जहाजं दूर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची. माणसं आणि माल काठावर आणायला मसुला नावाच्या होड्या असत. त्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याने शिवलेल्या असत, म्हणजे लाटेच्या धक्क्याला त्या लवत. दर्या खवळला की मसुलाही जाऊ शकत नसे. तेव्हा कट्टुमरमवाले निघायचे. ताडपत्राची उंच निमुळती टोपी डोक्याला घट्ट बांधायची, तिच्यात जहाजाची पत्रं ठेवायची आणि लाटांखालून-वरून पलीकडे पोचायचं. अंग सगळं भिजलेलं, पत्र कोरडं. मसुला होड्यांबरोबरही कट्टुमरमवाले राहायचे, कुणी पाण्यात पडलं तर उचलायला. असे जीव वाचवल्याबद्दल कंपनी सरकारने त्यांना पदकं दिल्याची नोंद आहे. मद्रासच्या कृत्रिम बंदराचं काम 1870 च्या दशकात सुरू झालं. तोवर त्या शहराचा दाणापाणी, टपाल, गव्हर्नरसाहेब, सगळं या माणसांच्या हातून काठाला लागलं आहे. तिथल्या मरीना किनाऱ्यावर पुतळे पुष्कळ आहेत. त्या टपालवाल्या कट्टुमरमकाराचा एक पुतळा असावा, असं मला मनापासून वाटतं.

आता शब्दाकडे येतो, कारण मी गेलो तो त्याच्याच मागे. गेटवेहून मांडव्याला जाणारी कॅटमरान आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. खाली दोन अंगं, म्हणजे होडीसारखे दोन लांबट तळ, वर एक डेक. मांडवा जेट्टीवर रांगेत उभं राहून ‘कॅट’ म्हणजे मांजर असेल का, अशी चर्चा मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. मांजराचा काही संबंध नाही. तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे झाड किंवा लाकूड. कट्टुमरम म्हणजे बांधलेलं लाकूड. पुतण्याने मला हे दोन शब्द करून दाखवले. आधी दोराला हात लावला, ‘कट्टु’. मग ओंडक्यावर थाप मारली, ‘मरम’. इतकी सरळ फोड क्वचितच मिळते.

दोन अंगांचा यात पत्ताच नाही, हे लक्षात घ्या. ओंडके तीन असतील, पाच असतील. उडत्या माशांच्या मागे लांब जाणाऱ्या कोलामरमला तर सात असत, कोला म्हणजे उडता मासा. विल्यम डॅम्पियर नावाच्या इंग्रज दर्यावर्दीने 1697 साली छापलेल्या प्रवासवर्णनात कोरोमंडल, म्हणजे चेन्नईकडच्या या पूर्व किनाऱ्याच्या कॅटमरानचं वर्णन केलं आहे. त्याने पाहिलेल्या तर एक-दोन ओंडक्यांच्या होत्या, एकच माणूस बसेल एवढ्या, आणि त्या माणसाचे पाय व बूड कायम पाण्यात. मी कोवळमला बसलो होतो ते अगदी तसंच.

मग हा शब्द दोन अंगांच्या बोटीला कसा चिकटला? इंग्रज खलाशांच्या तोंडी तो सैल होत गेला. कुठलाही तराफा दिसला की कॅटमरान. 1804 साली बुलोनच्या बंदरात उभ्या असलेल्या फ्रेंच जहाजांवर इंग्रजांनी दारू ठासलेल्या तरंगत्या पेट्या सोडल्या, त्यांनाही कॅटमरानच म्हटलं. पुढे 1876 मध्ये अमेरिकेत नॅथॅनियल हेरशॉफ या बोटबांधणाऱ्याने दोन सडपातळ अंगं आडव्या दांड्यांनी जोडून ‘ॲमॅरिलिस’ नावाची शिडाची बोट केली. न्यूयॉर्कच्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे गेली आणि बाकीच्यांनी हरकत घेतल्यावर बाद ठरली. या जातीच्या बोटीला हेरशॉफने कॅटमरान म्हटलं. तिथून या नावाचा रोख बांधण्यावरून दोन अंगांकडे वळला आणि आज तोच अर्थ जगभर रूढ आहे.

खरं तर दोन अंगांच्या होडीची सगळ्यांत मोठी परंपरा पॉलिनेशियाची. प्रशांत महासागरातल्या लोकांनी जोडहोड्यांतून हजारो मैलांवरची बेटं गाठली. हवाईत तिला वाआ काउलुआ म्हणतात. त्या पद्धतीने बांधलेली होकुलेआ नावाची होडी 1976 मध्ये हवाईहून ताहितीला गेली, आधुनिक उपकरणांशिवाय, तारे आणि लाटा वाचत. जगात नाव मात्र पोचलं ते तमिळ कोळ्यांचं. पॉलिनेशियन लोकांची रचना आणि मद्रासचा शब्द अशी ही जोडी जमली. पुढे तीन अंगांची बोट आली तेव्हा ‘ट्रायमरान’ असं नाव पाडलं. मरमचं मरान झालं आणि कट्टु गळून पडलं. उलट घाईत जे नुसतं ‘कॅट’ म्हणतात, त्यांच्याकडे फक्त बांधणं उरलं, लाकूड गेलं.

इथे आपल्या भाषेचा हक्क मला सांगावासा वाटतो. दोन होड्या शेजारी शेजारी जोडून वर फळ्या टाकल्या की तिला मराठीत सांगड म्हणतात. खाडीपलीकडे गुरं, गाडी, जड सामान न्यायचं तर सांगड. पोहणारे अंगाला भोपळे बांधत त्यालाही सांगडच. ‘सांगड घालणे’ आपण रोज बोलतो, तिचं मूळ या पाण्यावरच्या जोडणीत आहे. मूळ संस्कृत संघाट, म्हणजे जोडलेलं. मल्याळममध्ये तेच चंगाडम. पोर्तुगीजांनी मलबारात ऐकलं आणि त्याचं जंगाडा केलं. तो शब्द ते ब्राझीलला घेऊन गेले, आणि तिथले मच्छीमार आजही ओंडक्यांच्या शिडाच्या तराफ्याला जंगाडाच म्हणतात. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आपल्या कल्याण-सोपाऱ्याचं वर्णन आहे, त्यातच पुढे कोरोमंडल किनाऱ्यावर एकेका ओंडक्याच्या होड्या एकत्र बांधून केलेल्या मोठ्या ‘संगारा’ असल्याचं लिहिलं आहे. अभ्यासक तो शब्द याच कुळातला मानतात. म्हणजे दोन अंगांच्या बोटीसाठी नेमका शब्द हवा असेल तर तो आपल्या घरात कधीचा आहे. मांडव्याच्या कॅटमरानला कुणी ‘सांगड’ म्हणून हाक मारली तर मला फार आनंद होईल.

आणि मांडव्याची कॅटमरान ही बोट म्हणून मला मनापासून आवडते, तेही इथेच सांगतो. दोन अंगं एकमेकांपासून लांब असल्याने ती आडवी कमी डोलते, आणि अंगं सडपातळ असल्याने पाणी कमी रेटावं लागतं. जुन्या लाकडी लाँचमध्ये ज्यांना मळमळतं त्यांना कॅटमरानमध्ये बरं वाटतं, याचं कारण हेच. फक्त तिची आणि कट्टुमरमची तुलना करू नका. एकीत माणूस पाण्यापासून दूर बसतो, दुसऱ्यात पाण्यातच बसतो.

कोवळमच्या किनाऱ्यावर आज नजर टाकली तर जवळपास सगळ्या होड्या फायबरच्या दिसतील. 1979 पासून मद्रासला बंगालच्या उपसागराचा एक आंतरराष्ट्रीय मच्छीमारी प्रकल्प होता, त्यात लाटांतून काठावर येऊ शकतील अशा होड्यांचे बरेच प्रयोग झाले. मग 2004 च्या त्सुनामीत किनाऱ्यावरची लाकडी कट्टुमरम हजारोंनी गेली आणि मदत म्हणून आल्या त्या बहुतेक फायबरच्या होड्या. मी माझ्या धंद्याच्या नजरेने त्यांचं काम हात फिरवून बघितलं. तळाला मॅटचे थर चांगले जाड आहेत, कारण रोज वाळूवर ओढायच्या असतात. नाळेचं, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचं, वळण मात्र बघत राहावं असं. ओंडक्यांची पुढची टोकं जशी वर उचललेली, तशीच ही नाळ उचललेली. साचा करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कट्टुमरमच असणार. फायबर आलं म्हणून मी तरी कधी नाक मुरडणार नाही, माझं पोट त्यावर आहे, आणि इंजिन लागल्यावर त्या पोरांना लांब जाता येतं. पण दोर बांधणारे हात आता या गावात मोजकेच उरले आहेत. पुतण्या म्हणाला, त्याच्या वयाच्या कुणालाच पूर्ण बांधणी येत नाही, तोही अजून शिकतोय. आपण दिलेल्या पैशातून रोज एकदा ती बांधणी होते, एवढ्यासाठीही ही फेरी करावी.

आता खटकलेल्या गोष्टी. जॅकेटं जुनी आहेत. मला आधी दिलेल्या जॅकेटचा एक पट्टा उसवलेला होता. दाखवल्यावर त्यांनी लगेच दुसरं आणून दिलं, पण तुम्ही स्वतः ओढून तपासा आणि मगच घाला. कपडे बदलायला नीट जागा नाही, त्यांच्या घरच्या अक्कांनी घरातली खोली उघडून दिली म्हणून आमच्या हिचं निभावलं. तिसरी गोष्ट मोठी. एवढी विद्या त्यांच्या हातात आहे, पण बांधताना ते काही सांगत नाहीत, आणि बहुतेक पाहुणे बांधून झाल्यावर येतात, फोटो काढतात, लाटेत किंचाळतात आणि जातात. हे मी पुतण्याला सांगितलं. फेरीचे 800 घेता, तर बांधणी दाखवण्याचे वेगळे 200 घ्या, दोन शब्द इंग्रजीत, दोन हिंदीत बोला, लोक आनंदाने देतील. त्याला पटल्यासारखं वाटलं.

आणि एक सावधगिरी. ईसीआरवर ‘कॅटमरान राइड’ अशी पाटी लावून सर्रास इंजिनाच्या फायबर होडीत बसवणारेही आहेत. आम्हीच आधी अशा एका ठिकाणी पोचलो होतो. पैसे देण्यापूर्वी विचारा, ‘कट्टुमरम, मरम?’ आणि ओंडके डोळ्यांनी बघा. फायबरच्या होडीत फिरायला हरकत काहीच नाही, पण मग तो अनुभव वेगळा आणि दरही वेगळा हवा.

पाण्यावर आम्ही पाऊण तासाच्या आतबाहेर होतो. लाटा फुटतात ती रांग ओलांडली की समुद्र शांत होतो. तिथे त्यांनी छोटं जाळं टाकून दाखवलं, चार नेत्तिली आली, आपल्या मांदेलीची बहीण. परत येताना खरी कसोटी. अण्णा मागे वळून लाट बघत राहिले, योग्य लाट मिळाल्यावर तिच्या पाठीवर घेऊन सरळ वाळूवर आणलं. ओंडके घासत थांबले आणि आम्ही उतरलो. आमची ही आधी काठावर थांबणार होती, शेवटी तीही आली आणि माझ्यापेक्षा जास्त खूश होती.

जेवण आधी सांगितलं तर अक्का घरी करून देतात, माणशी 250 रुपये. वंजरम म्हणजे आपली सुरमई, तिचा तुकडा मिरी-मिरचीचं वाटण लावून तळलेला, आणि चिंचेच्या कोळातलं मीन कुळम्बू, म्हणजे माशाचं कालवण. आमच्याकडे कोकम आणि ओला नारळ, त्यांच्याकडे चिंच, छोटे कांदे आणि तिळाचं तेल. पहिला घास आंबट लागतो, दुसऱ्यानंतर भात परत मागावा लागतो. पापलेटाला ते वव्वाल म्हणतात, म्हणजे वटवाघूळ. आकार बघा, नाव चोख बसतं. सुरमईचा तुकडा करंज्याच्या धक्क्यावर मिळावा तितका ताजा होता, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र माझ्याकडे नाही.

कधी जावं: जानेवारी ते मार्च उत्तम. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पाऊस आणि वादळांचा काळ, तेव्हा नाद सोडा. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून मासेमारीबंदी असते, आपल्यासारखी 1 जूनपासून नव्हे. कट्टुमरमला इंजिन नसल्याने ती लागू होत नाही, पण तेव्हा ऊन असं असतं की सकाळी सातनंतर वाळूवर पाय ठेववत नाही. पहाटे सहाला पोचा, म्हणजे सुटे ओंडके बघायला मिळतील. आदल्या दिवशी फोन करून ‘बांधणी बघायची आहे’ असं स्पष्ट सांगा. अंगावर पटकन वाळणारे कपडे, गुडघे दुखत असतील तर नी-कॅप, मोबाइल किनाऱ्यावरच ठेवा. चष्म्याला मागून दोरी बांधा, माझा थोडक्यात वाचला. रोख पैसे चालतात, यूपीआयही चालतं. दहा वर्षांखालच्या मुलांना ते घेत नाहीत. लहान मुलं सोबत असतील तर परतीच्या वाटेवर मुट्टुकाडूला सरकारी बोट हाऊस आहे, खाडीच्या शांत पाण्यात त्यांना तिथे फिरवून आणता येईल.